पहिल्या पदवीधराचा दाखला

घरातून प्रथमच कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तसा सरकारी दाखला मागणे कमीपणाचे आहे काय? तामिळनाडूत २०१० पासून घरातील पहिल्या पदवीधरास असा दाखला व व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात सवलत मिळते.

आपला अनुभव आठवा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर 'बौद्ध' असे खरे लिहिणाऱ्यांना केंद्राची अनुसूचित जातींची मान्यता उरली नाही. ती १९९० साली मिळाली. सवलतीसाठी जुना धर्म लिहिणाऱ्या गरिबास दोष देऊ नये. खऱ्यालाच दंड करणारा नियम दोषी होता.

बुलढाणा जिल्ह्यात कपाशी वेचून मुलाला शिकविणाऱ्या आईचे कष्ट हेही सत्यच. ते कागदावर येण्यात लाज कसली? मात्र दाखला घेणाऱ्याने शेजारच्या घरातील पहिल्या मुलाचा हात धरावा. हेच शील.