हिवाळ्यातले श्रवण

नवविधा भक्तीची गणना करताना भागवतातल्या प्रल्हादाने पहिले नाव श्रवणाचे घेतले, आणि समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच केला. कीर्तन त्यानंतर, अर्चन-वंदन त्याहूनही पुढे. या क्रमाचा जितका विचार करावा तितका तो अधिक पटत जातो. अर्चनाला सामग्री लागते, कीर्तनाला कंठ लागतो, दास्याला अंगात बळ लागते. श्रवणाला मात्र आपण क्षणभर गप्प बसायला तयार असलो की पुरते, आणि म्हणूनच ज्याला अजून अक्षरओळखही झालेली नाही अशा पाच वर्षांच्या पोरालाही या पहिल्या पायरीवर मोठ्यांच्या बरोबरीने बसता येते. थंडीच्या दिवसांत, घराघरांत सणांचे वारे वाहू लागले असताना, मुलांना जवळ घेऊन आपल्या आणि शेजाऱ्यांच्या सणांच्या कथा मोठ्याने वाचून दाखवणे ही या पायरीवरची साधनाच आहे, असे मी मानतो. आणि आज आपण मिळून श्रवण या एका शब्दापाशी थोडे थांबू.

श्रवणाला सवड लागते, आणि ती सवड हिवाळा देतो. नंदुरबार जिल्ह्यात हे डोळ्यांना दिसते. खरिपाचे धान्य घरात आलेले असते, नंदुरबार शहराभोवतीच्या पथारींवर मिरची लालभडक पसरलेली असते, तोरणमाळच्या आणि डाबच्या पठारावर पहाटे दव गोठून गवत पांढरे पडते, आणि दिवेलागण लवकर होऊन रात्र लांबत जाते. या लांबलेल्या रात्रींतच सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, नवापूरच्या बाजूला डोंगऱ्यादेवाचे व्रत चालते, त्याच तालुक्यातल्या ख्रिस्ती पाड्यांवर नाताळाची तयारी होते, सातपुड्यात कोणाचा नवस फिटायचा असला तर कळंबाच्या फांद्या आणून इंदलचा जागर मांडला जातो, आणि मग तीळ भाजल्याचा वास घेऊन संक्रांत येते. इतके उत्सव एका जिल्ह्याच्या एकाच ऋतूत आणि बरेचसे हाकेच्या अंतरावर. तरीही शेजारच्या उत्सवाची कथा मुलांनी ऐकलेली असतेच असे नाही. ढोल कानावर पडतो, तो का वाजतो हे पडत नाही. आणि जे नुसते कानावर पडले ते अजून श्रवण झालेले नसते.

मोठ्याने वाचण्याची रीत आपल्याला नव्याने शिकायची नाही, ती घरातच आहे. मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह बसतो आणि दत्तजयंतीला त्याची सांगता होते. त्याच महिन्यातल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या व्रताची पोथी वाचली जाते, आणि प्रसादाच्या आशेने का होईना, पण मुले चौरंगाजवळ येऊन बसतात. त्या कथेत जे घडते ते श्रवणाविषयीच काही सांगते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. भद्रश्रवा राजाच्या वाड्याच्या दारी देवी म्हातारीच्या रूपाने येते. ऐश्वर्याने फुगलेली राणी सुरतचंद्रिका तिला झिडकारते. आणि राजकन्या शामबाला त्या म्हातारीपाशी थांबते, तिचे बोलणे ऐकून घेते आणि व्रत आचरते. म्हणजे या घरातले श्रवण आईला साधले नाही, ते लेकीला साधले. राणीजवळ मानाचे भान होते, मुलीजवळ कुतूहल होते, आणि दारी उभे असलेले दैवत कुतूहलालाच सापडले. आपण मुलांना ऐकवतो तेव्हा त्यांच्यातली शामबाला जागी ठेवतो, आणि वाचता वाचता आपल्यातल्या सुरतचंद्रिकेलाही थोडे ऐकवतो. कारण मोठ्याने वाचणाऱ्याचा आवाज सर्वांच्या आधी त्याच्याच कानी येतो, आणि घरातल्या वाचनाचा पहिला श्रोता वाचणाराच असतो.

आता याच रात्रींतल्या आणखी दोन कथा शेजारी ठेवून पाहू. दत्तजन्माच्या कथेत अत्रिमुनींच्या आश्रमाच्या दारी तीन अतिथी येतात, अनसूयेचे सत्त्व पाहण्यासाठी अवघड मागणी घालतात, आणि ती त्यांना विन्मुख न पाठवता तिघांनाही बाळे करून मांडीवर घेते. नवापूर किंवा चिंचपाड्याकडच्या चर्चमध्ये नाताळच्या सुमारास लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचतात. त्यात परगावी आलेल्या एका दांपत्याला उतारशाळेत जागा मिळत नाही, आणि जन्मलेले मूल गव्हाणीत निजवावे लागते. हा अध्याय नंदुरबारच्या मुलाला वाचून दाखवला तर गव्हाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मागच्या दारी बैल बांधलेला असतो, वैरणीचा वास ओळखीचा असतो, आणि पोराचा प्रश्न थेट येतो की बैलाने बाळाला चाटले नाही का. त्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात नाही. पण प्रश्न आला याचा अर्थ श्रवण घडले, कथा कानाच्या उंबऱ्यावरून आत गेली. पुढे एखाद्या रात्री तेच मूल म्हणेल की तिन्ही गोष्टींत दारात कोणीतरी येऊन उभे राहते. तोपर्यंत आपण थांबावे. साम्य शोधण्याचा आनंद मुलाचा आहे, तो वाचणाऱ्याने आधीच उष्टावू नये.

कारण श्रवणाचा आणखी एक पदर असा की ते भेदाला घाबरत नाही. शेवटी सगळे एकच, असे घाईने म्हणून टाकले की ऐकणे तिथेच संपते. जे एकच आहे ते दुसऱ्याकडून कशाला ऐकायचे, असे मन म्हणू लागते. इतरत्र त्रिमुखी दिसणारा दत्त सारंगखेड्याला एकमुखी आहे, आणि त्या भेदाने कोणाच्या भक्तीला बाध आलेला नाही. तिथल्या यात्रेत घोड्याची रेवाल चाल पारखायला आलेला माणूसही आधी त्याच एकमुखी मूर्तीपुढे माथा टेकतो. मग गव्हाणीतल्या बाळाला आपल्या अवतारमालिकेत बसवण्याची, किंवा सातपुड्यातल्या इंदलला पुराणातल्या इंद्राचा पोशाख चढवण्याची घाई आपण का करावी? ज्यांचा देव त्यांनी तो जसा सांगितला तसा ऐकावा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने १६१६ साली गोव्यात रायतूर येथे क्रिस्तपुराण छापले, तेव्हा त्याने ख्रिस्ताची कथा दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत गुंफली, आणि ती गोव्याच्या चर्चमध्ये भाविकांना वाचून दाखवली जाई. छंद इथला, भाषा इथली, आणि कथा मात्र बेथलेहेमचीच राहिली. श्रवणासाठी कथेला आपल्या अंगणात आणायचे असते, तिचे नाव-गाव पुसायचे नसते, हे त्या ओव्यांनी चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिले.

मात्र प्रत्येक कथेचे पुस्तक असतेच असे नाही, आणि इथे श्रवण वाचणाऱ्याला पुस्तक मिटायला सांगते. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाची व्रतस्थ मंडळी अनवाणी घरोघर फिरतात, पावरी या वाद्याच्या सुरावर फेर धरतात, घरोघरी त्यांना धान्य घातले जाते, आणि पौर्णिमेला ती डोंगरावरच्या देवस्थानी जातात. त्यांच्या कथा छापलेल्या पोथीत नसतात, त्या कंठात असतात. नवापूरच्या खाली डांगापर्यंत पसरलेल्या कोकणा समाजात थाळीवर कथा लावण्याची रीत आहे: काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक सरळ काडी उभी चिकटवायची, कथेकऱ्याने ती बोटांनी वरून खाली सारत राहायचे, आणि त्यातून निघणाऱ्या अखंड घुमणाऱ्या नादावर रात्रभर कथा चालवायची. ज्या पालकाला किंवा गुरुजींना मुलांना हा सण सांगायचा आहे, त्यांनी त्यावरचे चार ओळींचे टिपण वाचण्यापेक्षा ती कथा ज्याच्या कंठात आहे त्याला मानाने बोलवावे आणि आपण मुलांमध्ये जाऊन बसावे. वाचणाऱ्याने श्रोता होणे हीसुद्धा श्रवणाचीच शिकवण आहे.

आणि ती कथा तिच्याच बोलीत ऐकता आली तर अधिक बरे. नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे, आणि तिथली उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. पण फलाटावर बसलेली आजी नातवाशी ज्या मावचीत बोलत असते ती या चारांत नाही. मावची, पावरी, देहवाली, भिलोरी, अहिराणी या बोली घेऊन मूल शाळेत येते आणि पुष्कळदा ती उंबऱ्याबाहेर ठेवून आत बसते. नर्मदाकाठी, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरात, १९९०च्या दशकाच्या आरंभी लोकांनी जीवनशाळा सुरू केल्या आणि पावरी-भिलोरीत मुलांसाठी पुस्तके केली, तेव्हा त्यांनी ओळखले ते हेच की मुलाचा कान आधी आईच्या बोलीत उघडतो. वाचून दाखवताना एखादा शब्द अडला तर मुलांनाच विचारावे की तुमच्या घरी याला काय म्हणतात. उत्तर आले की सणाची कथा त्या घराची होऊन जाते, आणि ऐकणाऱ्याने ऐकवणाऱ्याला काही दिलेले असते.

दूरच्या सणांचे काय, असा प्रश्न सहज उठेल. त्यासाठी आपल्याच मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाची कथा मला फार मोलाची वाटते. रायगडच्या किनारपट्टीत शतकानुशतके राहिलेला हा यहुदी समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी काम बंद ठेवी, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हिवाळ्यात येणारा हनुका हा यहुद्यांचा दिव्यांचा सण. देवालयातले एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले, ही त्याची कथा. पण बेने इस्राएलांच्या परंपरेत हा सण नव्हता, तो त्यांना पुढे बाहेरून आलेल्या स्वधर्मीय गुरूंकडून कळला, असे सांगितले जाते. तेलातच पिढ्या गेलेल्या या समाजाला त्या तेलाची गोष्ट कोणीतरी सांगावी लागली! यावरून आपण एवढे घ्यावे की आपले म्हणून जे आपल्याजवळ आहे त्याचाही काही अंश दुसऱ्याच्या मुखातून ऐकल्यावाचून आपल्याला मिळत नाही. श्रवण परक्याची ओळख करून देते, आणि कधी आपले हरवलेलेही हाती आणून ठेवते.

श्रवणात वाट पाहणेही येते. सगळे सण डिसेंबरच्या एका पुस्तकात कोंबण्याचा मोह होतो, पण चंद्राच्या गतीने चालणारी ईद आपल्या सोयीसाठी थांबत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ती दरवर्षी मागे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत साऱ्या ऋतूंची प्रदक्षिणा करते. २००० साली ईद-उल-फित्र जानेवारीत आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा आली. २०३३ सालीही तसेच होईल. तोवर रमजानची कथा ज्या महिन्यात रमजान येईल त्या महिन्यात वाचावी, आणि तो उन्हाळ्यातही का येतो हे मुलांना आकाशातला चंद्र दाखवून समजवावे. सूर्याची संक्रांत, चंद्राची ईद आणि दोघांचा मेळ घालणारा आपला मार्गशीर्ष अशा तीन कालगणना एका गल्लीत नांदतात, हे कळणेही श्रवणाचेच फळ.

याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला श्रवणापुढच्या दोन पायऱ्या सांगितल्या, मनन आणि निदिध्यासन. त्यांच्याशिवाय श्रवण अपुरे. खानदेशाने या तिन्हींचे एक उज्ज्वल उदाहरण पाहिले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि श्रोत्यांत बसलेले साने गुरुजी ते शब्द टिपून घेत. गीताप्रवचने हा ग्रंथ त्या एका एकाग्र श्रवणातून हाती आला. याच गुरुजींनी पुढे इस्लामी संस्कृतीवर मराठीत लिहिले आणि आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. एकाचे मनापासून ऐकणारा दुसऱ्याचेही ऐकतो. कान एकदा नम्र झाला की तो सर्वांसाठी नम्र होतो. गुरुजींचा जन्मदिवस २४ डिसेंबर, नाताळची पूर्वसंध्या. मुलांना शेजारच्या सणाची कथा वाचून दाखवायला याहून चांगला दिवस शोधायची गरज नाही.

प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, तशी याही वाचनाची आहे, आणि ती धनधान्याची नाही. ज्या मुलाने असे श्रवण केले ते मोठे झाल्यावर कोणाच्याही देवाच्या दारी गेले तर चपला कुठे काढायच्या हे पाहून घेईल, प्रसाद दोन्ही हातांनी घेईल, न कळलेले हसण्यावारी न नेता विचारून घेईल. आणि कोणी त्याला विचारलेच की तुमच्याकडे काय करतात, तर तितक्याच आनंदाने आपली कथा सांगायला बसेल. श्रवणाने वक्ता घडतो तो असा, आणि नवविधा भक्तीत श्रवणाच्या लगेच पुढे कीर्तन का आले याचे उत्तरही इथेच मिळते.