संहिताच नाही, तर कापणार काय?

विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ 1972 मध्ये रंगमंचावर आलं आणि नाटकं तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाशी त्याची झुंज जुंपली. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, जिंकले आणि पुढे त्या लढ्यावर त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ लिहिलं. त्या भांडणात दोन्ही बाजूंची एक सोय होती. मध्ये कागद होता. अमुक वाक्य गाळा, तमुक प्रवेश बदला, असं बोट ठेवून सांगता येत होतं आणि तसंच बोट ठेवून नाकारताही येत होतं.

कागदच नसेल तर? बंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या वस्तीत, पुण्या-नागपुराहून आयटीत आलेली मुलंमुली शनिवारी संध्याकाळी एखाद्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमतात. एक जण गेम मास्टर होतो आणि गोष्ट पुढे नेतो. बाकीचे योद्धा, चेटकीण, चोर होऊन तिच्यात बोलतात, वागतात. बेत साधला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत आणलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची ही रीत. यात रक्तपात पहिल्या दिवसापासून आहे. तरी ‘प्रौढांसाठी’ हा शब्द निघतो तो लैंगिकता, छळ, गुलामगिरी गोष्टीत शिरली की.

अमेरिकेत या खेळाची धास्ती आधी भलत्याच कारणाने घेतली गेली. 1979 मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि खापर खेळावर फुटलं. 1982 मध्ये हा खेळ खेळणाऱ्या एका मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने, पॅट्रिशिया पुलिंग यांनी, खेळाविरुद्ध संघटनाच काढली. सैतानपूजेचा आरोप इतका चिकटला की 1989 पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकांनी राक्षस-सैतानांची नावं बदलून टाकली. प्राणी बरेचसे तेच राहिले. मग लंबक उलटा गेला. 1991 मध्ये ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ने खेळाडूलाच रक्तपिपासू केलं. 2002 मध्ये खुद्द ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘बुक ऑफ व्हाइल डार्कनेस’वर प्रौढ वाचकांसाठीची सूचना छापली गेली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकाशकाने शृंगारावरचं पुस्तक जाहीर करताच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीने इतर प्रकाशकांना दिलेल्या परवान्यात सभ्यतेच्या अटी घातल्या.

हा सगळा बंदोबस्त पुस्तकाचा. टेबलावर काय घडणार, ते पुस्तकात नसतंच; ते त्या मिनिटाला तोंडातून निघतं. कोकणातल्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. तमाशातली बतावणीही तशीच. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने वग लिहून तपासून घ्यायला लावले, तरी सोंगाड्याचा हजरजबाबीपणा कुठल्या कागदात मावणार? त्याला आवर होता तो समोरच्या गर्दीचा. या खेळात तीही नाही. जे नट, तेच प्रेक्षक.

नाटक सहन झालं नाही तर प्रेक्षक अंधारात उठून जाऊ शकतो. इथे गेम मास्टर तुमच्याकडे बघून म्हणतो, “तुला बांधून घातलंय, पहारेकरी जवळ येतोय. काय करतेस?” उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं, तेही प्रथमपुरुषी. उठून जाणंही सोपं नाही, कारण गेम मास्टर कदाचित ऑफिसातला टीम लीड असतो किंवा घरभाडं वाटून घेणारा मित्र.

म्हणून या खेळाने नियंत्रण टेबलाशीच उभं केलं. रॉन एडवर्ड्स यांनी 2003 च्या सुमारास दोन रेषा सुचवल्या: काही गोष्टी कथेत येणारच नाहीत, काही येतील, पण पडद्याआड. आपल्याला यात नवल वाटू नये. रंगमंचावर वध प्रत्यक्ष दाखवू नये, दोन अंकांमधल्या ‘प्रवेशका’तून कळवावा, हा संकेत नाट्यशास्त्रात आहे. 2013 मध्ये जॉन स्टॅव्हरोपोलस यांचं एक्स-कार्ड आलं: टेबलावर फुली काढलेलं कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. पहिल्या खेळाआधी एकत्र बसून हे ठरवून घेण्याची ‘सेशन झीरो’ची पद्धत 2020 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या अधिकृत पुस्तकातही आली.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. आधी परवानगी मागून कुणी अस्वस्थ होतं का? प्रेक्षकांची संमती घ्यायला गेले असते तर तेंडुलकरांची नाटकं झाली असती का? पण तेंडुलकरांनी प्रेक्षकाला ‘बाइंडर’मधली चंपा व्हायला सांगितलं नव्हतं. चंपाचं काम करणारीला संहिता आधी मिळत होती, तालीम मिळत होती, नकाराची मुभा होती. सेशन झीरो खेळाडूला एवढंच देतं. वळणं, दगाफटका, मरण यांतलं अनपेक्षित त्यात कुठेच हरवत नाही.

ही हत्यारं आयात करता येतात, जखमा मात्र इथल्या असतात. घर भाड्याने घेताना आडनाव विचारलं गेलेला माणूस या टेबलावर असू शकतो. दंगलीत घर सोडावं लागलेल्या कुटुंबातली मुलगीही. या खेळाच्या जुन्या पुस्तकांत ऑर्क नावाची जमात जन्मानेच दुष्ट. तिची वस्ती जाळली तर पुण्यच. अमेरिकेत यावर वंशवादाच्या अंगाने वाद झाला आणि 2024 च्या पुस्तकात ‘रेस’ शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला. जन्मावरून स्वभाव ठरवण्याचा धंदा आपल्याकडे त्याहून जुना आहे. म्हणून मर्यादांची यादी करताना इथे जात, धर्म, हुंडा, ऑनर किलिंग यांचीही नोंद हवी.

त्यांवर खेळूच नये, असं नव्हे. 2018 मध्ये ‘व्हॅम्पायर’च्या एका पुस्तकाने चेचन्यात समलिंगी माणसांचा चाललेला खराखुरा छळ पिशाच्चांच्या कारस्थानातला डाव म्हणून वापरला. टीका झाली, कंपनीला माफी मागून तो मजकूर काढावा लागला. अंधारा विषय हा त्यातला दोष नव्हता. जिवंत माणसांचं दुःख, त्यांना न विचारता, दुसऱ्यांच्या करमणुकीचा पडदा झालं, हा दोष होता. मजकूर प्रौढ आहे की नुसता भडक, हे ठरवताना मी हेच विचारीन: याची किंमत कोण मोजतंय, आणि त्याला विचारलं होतं का?

एक्स-कार्डाची मर्यादाही इथेच कळते. टीम लीडच्या समोर कार्डाला हात लावायला धाडस लागतं, आणि धाडस लागणारी सोय ही अर्धीच सोय. म्हणून विचारण्याचा भार ज्याच्या हातात गोष्ट आहे त्याच्यावर पडतो. त्याने आधी, एकेकट्याला, कारण न मागता विचारावं, आणि तिसऱ्या शनिवारी कुणी यायचं बंद झालं तर ‘काम असेल’ म्हणून सोडून देऊ नये. यात वेळ जातो, रंगाचा थोडा बेरंगही होतो. सरकारी मंडळ नको असेल, तर मंडळाचं काम कुणाला तरी करावंच लागतं.