घसरण्याची विद्या

ज्याचा तोल कधींच गेला नाहीं तो संयमी, कीं तोल गेला असतां ज्यास तो सांवरतां येतो तो संयमी? हा प्रश्न मीं वर्गांत अनेकदां घातला आहे, व पुस्तकांच्या आधारानें त्याचें उत्तरही दिलें आहे. परंतु गेल्या वर्षीं जपानांत एका ओल्या डांबरी मैदानाच्या कडेला बसलों असतां तो माझ्या स्वतःच्याच अंगावर आला, आणि पुस्तकी उत्तर अपुरें पडलें.

माझा मुलगा तिकडे अभियंता आहे. मोटार जाणूनबुजून आडवी घसरवीत वळणांतून नेण्याची एक विद्या आहे. तिला सर्वत्र 'ड्रिफ्ट' म्हणतात. ती शिकावयास त्यानें नुकताच प्रारंभ केला होता, व ही गोष्ट मी तेथें पोंचेपर्यंत मला सांगितली नव्हती. लहानपणापासून मीं त्यास एकच मंत्र दिला होता, तो म्हणजे 'सांभाळून'. त्या मंत्राचें हें फळ पाहून मला राग आला, हें कबूल केलें पाहिजे. "बाबा, एकदां डोळ्यांनीं पाहा, मग काय तें बोला," इतकेंच तो म्हणाला. आणि फुकुशिमा प्रांतांत निहोन्मात्सु येथें असलेल्या एबिसु सर्किटवर आम्ही गेलों. डोंगरउतारावर वळणावळणांचे अनेक लहानमोठे मार्ग आणि शेजारींच वन्य पशूंचें उद्यान, असें तें विलक्षण स्थळ आहे.

ह्या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. १९६१ सालीं मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद-मालिकेंतील शर्यत जिंकणारा पहिला जपानी कुनिमित्सु ताकाहाशी हा पुढें मोटारींच्या शर्यतींकडे वळला, व गाडी घसरवीतच वळण घेण्याची त्याची धाटणी १९७० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध झाली. तिच्यावर लुब्ध झालेल्या केइइचि त्सुचिया ह्या तरुणानें ती घाटांतील अरुंद रस्त्यांवर घोटली. १९८७ सालच्या 'प्लस्पी' नांवाच्या चित्रफितीनें तिचा बोलबाला झाला. आतां तिच्या रीतसर स्पर्धा होतात, व त्यांत वेळेपेक्षां गाडीचा मार्ग, तिचा तिरकेपणा व चालकाची शैली हीं पाहून गुण दिले जातात.

परंतु नवशिक्याचा पहिला धडा ह्या वैभवापासून फार दूर असतो. मैदानावर पाणी शिंपडतात, म्हणजे थोड्या वेगांतही चाकें घसरतात व टायरही कमी झिजतात. मधोमध एक शंकूच्या आकाराची खूण ठेवतात, आणि तिच्याभोंवतीं गाडी फिरवावयाची. चाकाची रस्त्यावरील पकड ही मर्यादित पुंजी आहे. ती वेग वाढविण्यांत खर्चावी, थांबण्यांत खर्चावी वा वळण्यांत खर्चावी; ह्या सर्वांसाठीं मिळून पुंजीहून अधिक मागितलें कीं चाक दिवाळें काढतें. ज्या गाडीस मागील चाकांनीं गति मिळते, तिच्यांत वळतांना पाय जोरानें दाबला असतां मागचा भाग बाहेर पळूं लागतो. येथपर्यंत कोणालाही जमतें. खरी विद्या पुढच्या क्षणाची आहे. भय सांगतें, पाय एकदम उचल, ब्रेक दाब, चक्र घट्ट धर. आणि भयाचें ऐकलें कीं गाडी भोंवऱ्यासारखी गरकन् फिरते. करावयाचें असतें तें ह्याच्या उलट. मागचा भाग ज्या बाजूस पळतो त्याच बाजूस चक्र वळवावयाचें. तें आपणहून फिरूं पाहतें, म्हणून मूठ सैल ठेवावयाची. पाय मोजून दाबून ठेवावयाचा. आणि दृष्टि जेथें जावयाचें तेथें लावावयाची, जेथें आदळण्याची भीति आहे तेथें नव्हे.

माझा मुलगा सकाळभर भोंवऱ्यासारखा फिरत होता. प्रत्येक वेळीं तो हंसे, गाडी सरळ करी व पुन्हा आरंभ करी. मला मात्र हंसूं येत नव्हतें. वीस वर्षांपूर्वीं भर पावसाळ्यांत घाट उतरतांना आमची गाडी अशीच घसरली होती. मीं सर्व बळ एकवटून ब्रेक दाबला, चाकें जखडलीं, आणि माझे डोळे जेथें खिळले होते त्या कठड्याकडेच गाडी सरळ गेली. मागें पत्नी व हाच मुलगा बसलीं होतीं. कठडा टिकला, आम्ही वांचलों. आणि आपल्या सावधपणामुळें वांचलों असें मी आजवर सर्वांस सांगत आलों. त्या मैदानाच्या कडेला मला प्रथमच उमगलें कीं, माझ्या सावधपणानें मला त्या एका क्षणाविषयीं कांहींच शिकविलें नव्हतें.

कठोपनिषदांत शरीरास रथाची, इंद्रियांस घोड्यांची, मनास लगामाची व बुद्धीस सारथ्याची उपमा दिली आहे. परंतु ज्याचे घोडे कधीं उधळलेच नाहींत, त्या सारथ्याची परीक्षा झाली असें कसें म्हणावें? सद्गुण हे आचरणानेंच अंगीं बाणतात, हें ॲरिस्टॉटलचें मत आम्ही आनंदानें शिकवितों; मात्र आचरणांत चुकणेंही आलें, हें घरीं आल्यावर विसरतों.

येथें कोणी विचारील कीं, मग मिताहार शिकण्यासाठीं मद्य प्यावें काय, व सत्य शिकण्यासाठीं खोटें बोलावें काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर त्या मैदानाच्या कुंपणांत आहे. तेथें घसरणारा आपल्या इच्छेनें, आपल्या जोखमीवर घसरतो, आणि घसरल्यावर पुन्हा सरळ होण्यास त्यास अवकाश असतो. जें खोटें दुसऱ्यास फसवितें व जें व्यसन परतीचा मार्गच बुजवितें, त्यास असें मैदान नाहीं. तोच प्रकार घाटांतील रस्त्याचा. वळणापलीकडून येणाऱ्या अनोळखी वाटसरूनें आपला जीव कोणाच्या शिक्षणासाठीं गहाण ठेवलेला नसतो. म्हणून ज्या घाटांत ही विद्या वाढली त्या घाटांतील तिचें आचरण, तें कितीही कौशल्याचें असो, मला अन्यायच वाटतें. कुंपण हें धैर्याचें शत्रु नव्हे. कुंपणामुळेंच धैर्य निष्पाप राहतें.

परंतु हाच न्याय उलट बाजूनेंही लावला पाहिजे. घसरण्यास रस्ता देऊं नये हें खरें असेल, तर मैदान देणें हें वडीलमाणसांचें कर्तव्य ठरतें. अपयश, अपमान, चुकलेली निवड ह्यांचे धडे मुलांनीं आमच्या छत्राखालीं थोड्या वेगांत घेतले नाहींत, तर तेच त्यांस पुढें भर वेगांत, कठड्याशीं घ्यावे लागतात. मीं मुलाला कठड्यापासून दूर ठेवलें. मैदान त्याचें त्यानें शोधिलें.

निघतांना मीं त्याजकडून एकच वचन घेतलें, कीं ही विद्या त्यानें वाहत्या रस्त्यावर कधीं काढूं नये. तें त्यानें तत्काळ दिलें, आणि उलट मला विचारलें, "बाबा, तुम्ही केव्हां शिकणार?" ह्या प्रश्नाचें उत्तर मीं त्यास अद्याप दिलेलें नाहीं.