मुक्या जिवांचें ऋण

गोंदिया जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी धानाच्या बांधींत सारसाचें घरटें आढळलें असतां त्यास धक्का लागूं देत नाहींत. मुक्या जिवास विनाकारण पीडा देऊं नये, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो ‘कारण’ कशास म्हणावें, याविषयीं.

पक्षाघातावरील संशोधन पाहावें. पेशींची वाढ व जोपासना करणारीं कांहीं द्रव्यें शरीरांतच निर्माण होतात. तीं वृद्धिद्रव्यें होत. त्यांच्या शोधाबद्दल रीता लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उंदराच्या मेंदूची धमनी मुद्दाम बंद करून मग असें द्रव्य दिल्यास मेंदूची हानि कमी होते, असें प्रयोगशाळांत वारंवार दिसून आलें. मनुष्याच्या बाबतींत मात्र निराशा झाली. तंतुपेशींच्या वृद्धिद्रव्याची यूरोप-ऑस्ट्रेलियांतील चाचणी २८६ रोग्यांनंतर थांबवावी लागली. तिचा वृत्तांत २००२ सालीं आला. रक्तपेशी वाढविणाऱ्या दुसऱ्या द्रव्याची ३२८ रोग्यांवरील चाचणी २०१३ सालीं निष्फळ ठरली.

असें कां व्हावें? प्रयोगांतला उंदीर बहुधा तरुण व निरोगी असतो आणि औषधही त्यास लवकर मिळतें. उलट देवरी-सालेकशाकडील खेड्यांतून गोंदियाच्या रुग्णालयांत आणलेला म्हातारा रक्तदाबानें वा मधुमेहानें आधींच खंगलेला असूं शकतो. वाटेंतच त्याचे मोलाचे तास गेलेले असतात. एकाचें उत्तर दुसऱ्यास कसें लागू पडावें?

मग प्रयोगच बंद करावे काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. वाचा गेलेला, अर्धें अंग लुळें पडलेला मनुष्यही मुकाच आहे. त्याचाही आपल्यावर हक्क आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेंही प्रयोगास मनाई केलेली नाहीं. काळजी व दया मात्र मागितली आहे. परंतु केवळ हेतु शुद्ध असल्यानें पीडा क्षम्य होते, हें आम्हांस मान्य नाहीं. ज्या प्रयोगाची मांडणीच अशी सदोष कीं त्यांतून खरें उत्तर निघूं नये, त्यांतील वेदना विनाकारणच होय. आणि फसलेला प्रयोग जो दडवून ठेवतो, तो त्याच चुकीपायीं दुसऱ्या जिवाचा बळी घेववितो. उंदराची संमति आपणांस घेतां येत नाहीं. म्हणूनच त्याच्या मरणाचा खरा हिशेब, यश येवो वा अपयश, जगापुढें मांडणें हें संशोधकाचें किमान कर्तव्य आहे, असें आम्ही समजतों.