डबीतला वाघ

माझा भाचा रिद्धपूरला आला, की त्याच्या खिशातून काही ना काही निघतेच. परवा वाघ निघाला. रुपयाहून मोठे नाणे, त्यावर पिवळाधमक पट्टेदार वाघ, आणि सगळे पारदर्शक डबीत बंद. मी झाकण उघडू लागलो, तर तो ओरडलाच, "मामा, हात नका लावू न! डाग पडते."

वाघाने माणसाला भ्यावे हे समजते, पण नाण्यानेही?

त्याने माहिती पुरवली. पलाऊ नावाच्या बेटांच्या देशाने १९९२ साली सागरी जीवांची रंगीत नाणी काढली. मग ही हौस जगभर पसरली. नाण्यावर डॉलरचा आकडा असतो. पण पलाऊचा बाजार चालतो अमेरिकेच्या डॉलरवर. म्हणजे हा पैसा खर्चायचा नसतोच!

"मग कशाचा?"

"जपायचा," तो म्हणाला. "वाघ आता असाच पाहाले भेटते."

इथे मी प्रवचनाचा सूर लावला. म्हटले, बाबा रे, मेळघाट आपल्याच जिल्ह्यात. १९७३-७४ पासून तिथे वाघ राखला जातो, पण जंगलात, डबीत नव्हे. आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते हे गाव. त्यातला ससा आठव. शिकाऱ्यांना चुकवून तो चक्रधरस्वामींच्या मांडीखाली दडला. स्वामींनी त्याला वाचवले आणि शिकारी गेल्यावर सोडून दिले. वाचवणे निराळे, ठेवून घेणे निराळे!

भाचा शांतपणे म्हणाला, "मंग तुमच्या कपाटातल्या गेंड्याचं काय?"

त्याच्या मामीने घात केला होता. गेंड्याचे ते चार आणे १९८८ पासून निघाले. आई गेली तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत एक सापडला. ३० जून २०११ ला सरकारने चार आणे बंद केले. मी मात्र गेंडा रुमालात गुंडाळून ठेवला. आता आई गाठ मारायची ती कुणाच्या तरी हातावर चार आणे ठेवता यावेत म्हणून. तिचा देता हातच मी कपाटात कोंडला होता की!

सकाळी गेंडा बाहेर काढला. बंद झालेला पैसा देवाला तरी कसा द्यावा? ओट्यावर नात दुकान-दुकान खेळत होती. तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला, मूठभर चिंचोके दिले, आणि सुटे नाहीत म्हणून वर दोन खडे.

भाचा बघत होता. त्याने डबीचे झाकण उघडले... आणि घाईघाईने पुन्हा लावले.