जिथून पाणी बाहेर जात नाही

माझं माहेर लोणार, सासर मेहकर. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. दरवर्षी सातवीची मुलं घेऊन मी विवरात उतरायची. सोबत हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या टिपकागदाच्या पट्ट्या. वर धारेच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहते. खाली कमळजादेवीच्या देवळाजवळ सरोवरात बुडवली, की बघता बघता लाल होते. हळदीला खार भेटला की कुंकू होतं, हे आमच्या आयाबायांना पुस्तकाआधी ठाऊक होतं. एका वर्षी एक मुलगी ती ओली पट्टी कपाळाजवळ धरून म्हणाली, "बाई, हे देवीनं केलं का पाण्यानं?" मी तिला सामू समजावला. तिचा प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला.

धार म्हणजे गोमुखातून बारा महिने पडणारं गोडं पाणी. लोक तिला गंगा मानतात, लांबून येऊन तिच्याखाली उभे राहतात. पाप धुऊन निघतं ही श्रद्धा. मी त्या श्रद्धेतच वाढले, आजही तिथं डोकं भिजवल्याशिवाय परतत नाही. पण धुतलेलं जातं कुठं? काशीला, पैठणला हा प्रश्न पडत नाही. नदी पुढं नेते, समुद्र पोटात घेतो. लोणारचं पाणी कुठंच जात नाही. अशनी आदळून काळ्या पाषाणात पडलेला हा खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद नि दीडशे मीटर खोल. त्याचं वय आधी ५२ हजार वर्षं धरलं होतं, नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांवर गेलं. एवढ्या काळात झऱ्यांनी नि पावसानं जे जे आत आणलं, त्यातलं पाणी तेवढं उन्हानं नेलं. बाकीचं आत साठत गेलं, आणि आपण ज्याला खार म्हणतो तो त्यातूनच आला.

पुराणकथा सांगते की लवणासुर इथं राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं. विवर हे त्याचं बीळ, पाणी हे रक्त. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात तो विष्णू उभा आहे. मे महिन्याच्या मध्यात सूर्याची किरणं आत शिरून मूर्तीवर पडतात, तेव्हा गाव लोटतं. मला मात्र त्या कथेतलं न सांगितलेलं भावतं. देवानं असुराला मारलं, पण त्याचं पाणी गोड केलं नाही. आजी ह्या खाराचे पापड करायची. मूठभरच घ्यायची आणि म्हणायची, "त्याचं हाये ते, त्याले राहू द्या." आपल्या भाषेत गुण आणि धर्म मिळून गुणधर्म होतो. खारेपणा हा त्या पाण्याचा धर्म आहे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं, की खारातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्यांना आपलं गोडं पाणी मानवत नाही.

आमच्या वडिलांनी घरात पहिला संडास बांधला, तेव्हा गवंड्यानं विचारलं, "सांडपाणी कुठं सोडू?" वडील म्हणाले, "उताराला लाव." ते रोज धारेवर स्नान करणारे, संध्याकाळी विष्णुसहस्रनाम म्हणणारे. उतार कुठं जातो हे त्यांना माहीत होतं. मीही तिथंच उभी होते, बोलले नाही. त्या दोन शब्दांत आमची किती पिढ्यांची समजूत होती: घाण नजरेआड झाली की आपण शुद्ध.

सन २००० मध्ये सरोवराचं अभयारण्य झालं, २००९ साली ते वाचवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका गेली, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत नाव आलं. गावात अजून पुष्कळांना वाटतं, की हे सगळं सरोवरासाठी, आपल्यासाठी बंधनंच. घर वाढवायचं तर परवानगी, हॉटेल काढायचं तर परवानगी. त्यांची चिडचिड मला कळते. माझा भाऊ त्यांतलाच. तरी गावाच्या आराखड्याबद्दल कुणी विचारलं तर मी आधी गटाराचा उतार विचारीन. प्रेक्षक गॅलरी, दिवे, कमानी सगळं नंतर. गाव काठापासून मागं, मेहकर रस्त्याच्या बाजूनं वाढू दे. धारेवर साबण नको. आणि कमळजेची वाट मात्र बंद करू नका. नवरात्रात ओटी घेऊन उतरणाऱ्या बायकांना वरच अडवलं, तर खाली पाणी राहील, लोणार राहणार नाही.

मध्यंतरी मीही ओटी घेऊन उतरले. खण-नारळ देवीच्या पायाशी टेकवला, हात जोडले, आणि प्लॅस्टिकच्या पुडीसकट सगळं पुन्हा पिशवीत भरलं. शेजारची बाई बघत होती. "म्हणजे वाहिलंच नाही तुम्ही?" तिला खरंच वाईट वाटलं होतं. देवळाजवळच सासू-सुनेची विहीर आहे. एकीकडचं पाणी गोड, दुसरीकडचं खारट, असं लहानपणापासून ऐकलेलं. तिच्यापाशी आम्ही दोघी बसलो, आणि मी तिला वडिलांच्या संडासाची गोष्ट सांगायला लागले.