दुसऱ्या दृष्टीचे उत्तरदायित्व : ‘पॅथॉलॉजिक’च्या निमित्ताने

एखाद्या कलाकृतीचे पुनर्मूल्यांकन होते तेव्हा तिच्या पहिल्या समीक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा प्रघात आहे. ज्यांनी आरंभी नापसंती दर्शविली ते अल्पदृष्टी आणि ज्यांनी पुढे गौरव केला ते मर्मज्ञ, अशी सोयीस्कर वाटणी करून प्रश्न निकालात काढला जातो. परंतु पहिल्या वाचकाचा कंटाळा, त्याची चीड, त्याचे अर्ध्यावर सोडून देणे हाही त्या कलाकृतीविषयीचा पुरावाच असतो. तो रद्दबातल ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या वाचकाला कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न रुचीचा नसून न्यायाचा आहे. साहित्याच्या रूढ परिघाबाहेरचे, तरीही साहित्यविचाराला अगदी जवळचे असे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. मॉस्कोतील आइस-पिक लॉज या निर्मितीसंस्थेने २००५ साली ‘मोर. उतोपिया’ हा व्हिडिओ गेम प्रकाशित केला. निकोलाय दिबोव्स्की हे त्याचे प्रमुख रचनाकार. २००६ साली तो ‘पॅथॉलॉजिक’ या नावाने इंग्रजीत आला. (रशियन ‘मोर’चा अर्थ महामारी, आपल्याकडील ‘मरी’ हा शब्दही त्याच धातुकुळातला आहे.)

स्तेपच्या माळावरील एक एकाकी गाव, त्यात पसरणारी साथ आणि बारा दिवसांची मुदत, एवढाच या खेळाचा सांगाडा. राजधानीतून आलेला वैद्यकशास्त्रज्ञ दानिइल दान्कोव्स्की, वडिलांच्या बोलावण्यावरून गावी परतलेला आणि त्यांच्याच खुनाच्या संशयात सापडलेला आर्तेमी बुराख, आणि हातांच्या स्पर्शात अलौकिक सामर्थ्य असलेली क्लारा, या तिघांपैकी एकाची भूमिका खेळणाऱ्याने घ्यावयाची असते. घटना त्याच, परंतु एकाच्या वाट्याला आलेले सत्य दुसऱ्याच्या लेखी अर्धसत्य ठरते. भूक वाढत जाते, थकवा वाढत जातो, संसर्गाची टांगती तलवार असतेच. गाव पायीच तुडवावे लागते. दुसऱ्याच दिवशी अन्नाचे भाव कित्येक पटींनी चढतात. मग कचऱ्याच्या डब्यांतून रिकाम्या बाटल्या गोळा कराव्यात, किरकोळ वस्तूंच्या बदल्यात लहान मुलांकडून औषधे मिळवावीत, असा दिनक्रम सुरू होतो. दिवसाचे मुख्य काम चुकले, तर ज्यांच्या प्राणांची जबाबदारी खेळणाऱ्याकडे आहे त्यांच्यापैकी कोणीतरी आजारी पडते.

रशियात या खेळाचे चांगले स्वागत झाले. इंग्रजी परीक्षणे मात्र दुभंगलेली होती. चालणे संथ, हाणामारी ओबडधोबड, घरे आणि चेहरे पुन्हापुन्हा तेच, संवाद दुर्बोध, या तक्रारींपैकी एकही खोटी नव्हती. पुढे २००८ साली क्विन्टिन स्मिथ या ब्रिटिश समीक्षकाने तीन भागांचा एक प्रदीर्घ लेख लिहून या खेळाची बाजू मांडली, आणि तेव्हापासून वारे फिरले. जे दोष म्हणून नोंदले गेले होते तेच गुण म्हणून उद्धृत होऊ लागले. संथ चालणे म्हणजे हतबलतेचा अनुभव, दुर्बोध संवाद म्हणजे गूढता, तेच ते चेहरे म्हणजे मनुष्याच्या बाहुलेपणाचे सूचन! वैगुण्याला हेतूचे नाव देण्याची ही रीत साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. फसलेल्या कादंबरीतील विस्कळीतपणाला ‘विस्कळीत जगाचे प्रतिबिंब’ म्हणून तारून नेण्याचे प्रयोग मराठीतही पुष्कळ झाले आहेत.

भाषेच्या बाबतीत तरी ही रीत उघडी पडली. २००६चे इंग्रजी भाषांतर सदोष होते. वाक्ये तुटलेली, संदर्भ हरवलेले. कित्येक चाहत्यांना त्यातच एक स्वप्नवत सौंदर्य जाणवले होते. २०१५ साली नव्या भाषांतरासह खेळाची सुधारित आवृत्ती निघाली आणि बरेचसे धुके विरले. पात्रे विलक्षण बोलत होती हे खरेच, परंतु ती अर्थपूर्ण बोलत होती. म्हणजे पहिल्या समीक्षकांनी ज्याला दोष म्हटले तो दोषच होता. केवळ तो मूळ संहितेचा नव्हता, तिच्या वाहकाचा होता. चालण्याचा संथपणा मात्र भाषांतर बदलल्याने घटला नाही. येथे दोन प्रकारचे क्लेश एकमेकांपासून वेगळे करता येतात, आणि दुसऱ्या दृष्टीचे पहिले कर्तव्य हे विभाजन करण्याचे आहे.

ते कोणत्या निकषावर करावयाचे? न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे साहाय्यास घेता येईल. स्वतःची भूमिका न सोडता वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेतून त्याला आनंद होतो, असे केळकरांचे प्रतिपादन. दोस्तोयेव्हस्कीच्या रास्कोल्निकोव्हचे तर्कट वाचताना नेमके हेच घडते. ते तर्कट वाचकाला ऐकू येते, पटल्यासारखेही वाटते, परंतु ते रचलेले असते रास्कोल्निकोव्हने. ‘पॅथॉलॉजिक’मध्ये ते खेळणाऱ्याला स्वतः रचावे लागते. चौथ्या दिवशी जवळ अन्न नाही, पैसा नाही, आणि रस्त्याने एक माणूस एकटा चालला आहे. त्याला ठार केल्यास त्याच्या खिशातले मिळेल. गावात नाव खराब होईल, दुकानदार व्यवहार नाकारतील, एवढा धोका आहे. परंतु तोही मोजता येण्याजोगा. या क्षणी मनात जे समर्थन उभे राहते (हा नाहीतरी मरणारच आहे, आपण जगलो तर अनेकांना वाचवू), ते कोणत्याही लेखकाने लिहिलेले नसते. कृत्य काल्पनिक आहे, बळी काल्पनिक आहे. समर्थन मात्र खऱ्या मनात, खऱ्या घाईत निपजलेले असते. खेळातील अपराधभावना खोटी की खरी, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. ती कृत्याविषयी नसून त्या समर्थनाच्या सहजतेविषयी असते. केळकरांनी वर्णिलेल्या दुहेरी अवस्थेतील ‘स्व’ येथे प्रेक्षकाच्या आसनावरून उठून साक्षीदाराच्या जागी येतो, आणि ती अवस्था आनंदाची राहत नाही.

असे समर्थन ताज्यातवान्या मनात उगवत नाही. ज्याच्यापाशी वेळ आणि भाकरी दोन्ही मुबलक आहेत, त्याला सदाचार फुकट पडतो. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून शिणलेल्या, घड्याळाकडे पाहणाऱ्या खेळणाऱ्यालाच सदाचाराची किंमत मोजावी लागते. म्हणून संथ चालणे आणि महाग भाकरी हे क्लेश समर्थनीय ठरतात : ते निर्णयावर भार टाकतात. ओबडधोबड हाणामारी असा भार टाकत नाही, नुसता त्रास देते. तिचे मंडन करण्याचे कारण नाही.

चेहऱ्यांच्या आणि घरांच्या पुनरावृत्तीचा प्रश्न अधिक अवघड आहे. अखेरीस असे उघड होते की हे गाव म्हणजे मुलांच्या खेळातले गाव, आणि ज्या ‘वरिष्ठ सत्ते’ला सारे भिऊन असतात ती सत्ता म्हणजे खेळणारी मुलेच. गावातील नाट्यगृहात मुखवटाधारी पात्रे तर भूमिकेला नव्हे, थेट खेळणाऱ्यालाच उद्देशून बोलतात. अशा जगात चेहरे ठरावीक साच्याचे असणे स्वाभाविक म्हणावे लागेल. परंतु आपल्या दारिद्र्याचे निमित्त आपल्याच कथेत सांगून ठेवणारी कलाकृती विनोदी आहे की धूर्त, याचा निर्णय संहितेच्या आत राहून करता येत नाही, आणि लहान संस्थेच्या तुटपुंज्या साधनांचा विचार केल्यास दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असण्यास प्रत्यवाय नाही.

पुनर्मूल्यांकनाची खरी कसोटी २०१९ साली लागली. त्या वर्षी बुराखच्या कथेपुरती ‘पॅथॉलॉजिक २’ ही नवी निर्मिती आली. तोवर मूळ खेळाची कीर्ती स्थिरावली होती. त्याच्या कठोरपणाची प्रशंसा हा जणू शिष्टाचार झाला होता. प्रत्यक्ष भूक पुन्हा वाट्याला येताच २००६ सालच्याच तक्रारी पुन्हा उमटल्या, आणि काही आठवड्यांतच भूक-थकव्याची तीव्रता कमी करण्याची सोय खेळात जोडण्यात आली. निर्मात्यांचा निर्णय माणुसकीचा होता. ज्याला हा भार पेलत नाही त्याला कथेपासून वंचित ठेवावे, असे कोणीही म्हणू नये. अडचण त्या प्रशंसकांची आहे, ज्यांनी हा खेळ इतरांच्या वर्णनांतूनच जाणला. त्यांनी गौरविलेला क्लेश त्यांनी सोसलेला नव्हता. रास्कोल्निकोव्हचे तर्कट त्यांच्यापर्यंत पुन्हा ऐकीव रूपातच पोहोचले होते. ज्या परीक्षकाने तिसऱ्या दिवशी वैतागून खेळ सोडला, तो त्या गावच्या रस्त्यांवरून प्रत्यक्ष चालला होता; त्याच्या वैतागात या ऐकीव प्रशंसेपेक्षा अधिक पुरावा आहे.